मेलेल्या डॉक्टरचा कंपाउंडर

"चालला! चालला!" गर्दीत एकच गिल्ला झाला. अर्ध्या तासापूर्वी ज्याला चौघांनी खाटेवर घालून तळघरात नेलं होतं, तो पाठदुखीचा सुतार स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून उन्हात आला. चेहरा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले, चाल झिंगलेल्या माणसाची. त्याने दोन पावलं टाकली, भिंतीला धरलं आणि भडभडून उलटी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उलटीला टाळ्या पडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

"रोग पडला बाहेर! पाठीत दुखतंय का आता?" पायऱ्यांवर उभ्या असलेल्या माणसाने विचारलं.

"काहीच कळत नाही हो," सुतार म्हणाला.

"ऐकलंत? दुखणं कळतच नाही म्हणतो!"

पुन्हा टाळ्या. हा पायऱ्यांवरचा माणूस अंगात डॉक्टरी पांढरा कोट, गळ्यात छाती तपासायची नळी आणि पायात रबरी चपला अशा थाटात उभा होता. लोक त्याला कंपाउंडर म्हणत होते. मी स्वतः औषधांचं दुकान चालवते, त्यामुळे हे ऐकून माझं डोकं तिथेच तापलं. पण त्याने ते पद मोठ्या हुशारीने निवडलं होतं. "मी कोण? मी कुणीच नाही," तो छातीवर हात ठेवून सांगत होता. "मी नुसता कंपाउंडर. डॉक्टरसाहेब आत आहेत. दीडशे वर्षं ड्यूटीवर आहेत, एक दिवस रजा नाही!"

आता आम्ही तिथे कसे पोचलो ते सांगते. आमचा शनिवार-रविवार भटकणाऱ्यांचा क्लब आहे. गोऱ्यांच्या राज्यातली पडकी ठिकाणं हुडकायची, तिथे तंबू ठोकायचे, आणि ते कुणी बांधलं, कुणाच्या घामावर उभं राहिलं, तिथे कोण मेलं, हे समजून घ्यायचं, एवढाच आमचा उद्योग. या खेपेला टेकडीवरचा गोऱ्या पलटणीचा दवाखाना ठरला होता. तीन वर्षांपूर्वी क्लब इथे येऊन गेला तेव्हा इथे वटवाघळं, शेळ्या आणि एक चौकीदार एवढीच वस्ती होती म्हणे. मी तेव्हा क्लबात नव्हते. नंतर शिरले, आणि औषधांची पेटी माझ्या गळ्यात पडली. माझ्या जिभेमुळे सगळे मला 'कडू गोळी' म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

या खेपेला माझी मोठी बहीण बरोबर होती. ताईला पडक्या भिंतींचं कधीच कौतुक नव्हतं. "दगडं बघायला सुट्टी कशाला घालवायची?" हा तिचा नेहमीचा प्रश्न. पण ठिकाण कळल्यावर तिनेच फोन केला, "आम्हीही येतो गं, खारूला जरा मोकळी हवा." खारू म्हणजे तिची मुलगी. नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून खारीसारखी तुरुतुरु पळायची आणि सगळीकडे नाक खुपसायची. आता तेरा वर्षांची. हिला तीन वर्षांपासून फिट्स येत होत्या. गोळ्या सुरू झाल्यावर दीड वर्षात एकही आली नव्हती. गोळ्या माझ्याच दुकानातून जात, पट्टीवर मी स्वतः लिहून देई: सकाळी एक, रात्री एक, चुकवायची नाही.

मला वाटलं, ताई सुधारली. मी आनंदाने गाडीत तिच्यासाठी खिडकीची जागा धरली.

कंपाउंडर आता नव्या मंडळींसाठी डॉक्टरांचं चरित्र सांगू लागला. "साथ आली. पलटणीतले गोरे पटापट मरायला लागले. सरकारने दवाखाना बंद केला, सगळे पळाले. पण आमचे साहेब? ते खाली तळघरात उतरले! क्ष-किरणांच्या यंत्राने एकेकाच्या पोटात बघायचे आणि कापायचे. शेवटचा पेशंट गोरा नव्हता, तुमच्या-आमच्यासारखा हमाल होता. त्याच्या पोटात हात असतानाच साहेबांचा प्राण गेला. हमाल जगला! आणि तो हात, मंडळी, तो हात अजून फिरतोय!"

"त्यांना आपली भाषा कळते का?" एका म्हातारीने भीत भीत विचारलं.

"आजी, मेल्यावर सगळ्यांना सगळ्या भाषा येतात."

मला हसू फुटलं. खारूने माझी बाही ओढली. "मावशी, त्या दारावरच्या दगडावर बघ. दवाखाना बंद झाला १८७१ ला. आणि क्ष-किरण सापडले १८९५ ला, आम्हाला विज्ञानात आहे. मग याच्याकडे यंत्र कुठून आलं?"

"शाबास! जाऊन विचार त्याला," मी म्हणाले.

"खारू, चल, पाणी पिऊन येऊ," ताई घाईने म्हणाली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली. पोरीने जाताना मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रश्न अर्धा राहिला म्हणून पाहतेय.

मी तो विनोद सांगायला मास्तरांकडे वळले. मास्तर म्हणजे क्लबातले सर्वांत वडीलधारे, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"मास्तर, बरं वाटत नाही का?"

"हा डॉक्टर मी ओळखतो," ते म्हणाले.

"अहो, तो दीडशे वर्षांपूर्वी मेला."

"तो जन्मलाच नाही. ही माझी लोणकढी आहे."

आमच्या क्लबात एक जुना खेळ चालतो. मुक्कामाला शेकोटीभोवती तिघांनी त्या जागेच्या तीन गोष्टी सांगायच्या. दोन खऱ्या, एक लोणकढी थाप. बाकीच्यांनी थाप ओळखायची. नियम असा की थापेत एक खोट मुद्दाम ठेवायची, त्या काळी असूच शकत नाही अशी वस्तू किंवा घटना. म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला ती सापडावी. तीन वर्षांपूर्वी याच अंगणात मास्तरांनी हा डॉक्टर रचला होता, आणि त्यात खोट म्हणून क्ष-किरण घातले होते. लोकांनी थाप ओळखली, हसले, आणि झोपायला गेले.

"शेकोटीला चौकीदारही बसला होता," मास्तर म्हणाले. "मीच त्याला चहा दिला. तो खेळ संपायच्या आधी उठून गेला." त्यांनी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. "तोच हा. कोट घातलाय म्हणून मी ओळखला नाही."

म्हणजे चोराने माल उचलला तो त्यातल्या खोटीसकट. पण मास्तरांना हसू येत नव्हतं. ते गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, ऐका! असा डॉक्टर कधी नव्हता! तो मी रचला. इथेच बसून रचला. क्ष-किरण तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हते. दार बघा, वर्ष कोरलंय!"

मला वाटलं, संपला तमाशा. कंपाउंडरने डोळे मिटले, गळ्यातली नळी भिंतीला लावली, मान डोलावली.

"साहेब म्हणतात," तो हळू, गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्हाला वाटलं तुम्ही बोललात. तुमच्या तोंडून मीच बोललो होतो."

लोकांनी मास्तरांना हात जोडले. एका बाईने तर वाकून त्यांच्या पायांना हात लावला. लोक एकामागून एक पाया पडत राहिले, आणि त्यातून मास्तरांना बाहेर काढण्यात माझा अर्धा तास गेला. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं हो, पण तुमच्याच खऱ्याला गिळून ढेकर देणाऱ्याचं काय करायचं?

मी संतापाने तळघराच्या दाराकडे निघाले. तिथे एक मोठी वेताची टोपली ठेवली होती. आत जाणाऱ्याने घरची सगळी औषधं त्यात टाकायची. "एका पेशंटवर दोन डॉक्टर हात टाकत नाहीत," हा तिथला नियम. टोपलीत साखरेच्या गोळ्या होत्या, हृदयाच्या होत्या, दम्याचे पंप होते, इन्सुलिनच्या बाटल्या उन्हात पडल्या होत्या. ज्यांचं सील फुटलं नव्हतं ती पाकिटं मात्र शेजारी खोक्यात नीट रचलेली. ती कुठल्या ना कुठल्या दुकानात परत विकायला जाणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या धंद्यातही असली गिऱ्हाइकं आणि असले दुकानदार आहेत.

आणि टोपलीत सर्वांत वर एक पट्टी होती. सकाळी एक, रात्री एक, चुकवायची नाही. अक्षर माझं होतं. पट्टी मी महिन्याच्या सुरुवातीला दिली होती. तिच्यातली एकही गोळी काढलेली नव्हती.

मी वर पाहिलं. तळघराच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि दारासमोर ताई उभी होती. एकटीच.

"खारू कुठे आहे?"

ताईने कडीवर हात ठेवला. दारामागून दगडावर टाचा आपटल्याचा आवाज येऊ लागला. एका लयीत, जोरजोरात. हा आवाज मी ताईच्या स्वयंपाकघरात ऐकला होता, तीन वर्षांपूर्वी.

"ऐका!" कंपाउंडर ओरडला. "साहेबांनी हात घातला!"

सगळ्या गर्दीने हात जोडले. कुणीतरी हुंदका दिला. ती माणसं दुष्ट नव्हती, हे मला आजही लिहून ठेवायचं आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी होतं.

"ताई, तिला फिट आलीय. कडी काढ."

"नाही. मध्येच दार उघडलं तर पेशंट हातचा जातो. त्यांनी सांगितलंय."

"कधी सांगितलं? तू आधी आली होतीस इथे?"

"तीन आठवड्यांपूर्वी. गोळ्या तेव्हापासूनच बंद केल्यात. पथ्य होतं. आणि एकही फिट आली नाही तिला, एकही!" तिने दोन्ही हात दारावर पसरले. "जन्मभर गोळ्या खाणारी मुलगी कोण पत्करेल? तुझं दुकान चालावं म्हणून माझ्या पोरीने मरेपर्यंत गिळत राहायचं का?"

हे ती बोलली. मी विसरलेले नाही, आणि तीही विसरलेली नाही. मी माझ्या थोरल्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा ढकललं, तेही इतक्या जोरात की ती टोपलीवर जाऊन पडली. मास्तर धावत आले, मागून क्लबातले दोघे-तिघे आले. कंपाउंडर कडीला लोंबकळला. त्याला क्लबात दोर सांभाळणाऱ्या आमच्या गड्याने कोटाची कॉलर धरून बाजूला घेतलं, आणि मी कडी काढली.

आत धूर नव्हता. तोंडावर कोमट, जड हवा आली. झरोके आतून मातीने लिंपून टाकले होते. मधोमध दगडी ओटा, त्याच्या मागे आडोशाला, कुणाला दिसणार नाही अशी, रसरसलेल्या कोळशांची मोठी शेगडी. ओट्यावर खारू. टाचा आता आपटत नव्हत्या. ओठांच्या कडेला फेस होता आणि गालांवर तीच लाली, जी सुताराच्या चेहऱ्यावर पाहून लोकांनी मघाशी टाळ्या वाजवल्या होत्या.

आमच्या क्लबात एका नियमाला सूट नाही. बंद तंबूत शेगडी नेणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवतात. कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गुंगी येते, दुखणं कळेनासं होतं, मळमळतं, डोकं जड होतं, आणि थंडीच्या रात्री गाढ झोपलेला तंबू सकाळी उठतच नाही. मला ते दाराशीच कळलं. श्वास रोखून आम्ही तिला उचललं आणि उन्हात आणून कुशीवर निजवलं. फिट थांबवायचा, नाकात मारायचा फवारा मी पेटीत तिच्यासाठीच ठेवला होता, तो मारला. फिट पुन्हा सुरू झाली. थांबली. पुन्हा आली.

गर्दी भोवती उभी होती. त्यांच्यातून एक आवाज आला, "मध्ये दार उघडलं ना, म्हणून."

शहरातल्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मी सांगत बसत नाही. ताई गाडीत शेवटच्या बाकावर बसली होती आणि सारखी विचारत होती, "झोपलीय ना ती? नुसती झोपलीय ना?" मी खारूची नाडी धरून बसले होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सगळं समजावलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. सुताराची पाठ बरी झाली नव्हती, त्याचा मेंदू सुन्न झाला होता. मोकळ्या हवेत आलं की माणसाला हलकं वाटतं, त्यालाच लोक गुण म्हणतात. "आणि गोळ्या एकदम बंद केल्या की फिट उलटून येते. कधी दोन दिवसांनी, कधी महिन्याने. तीन आठवडे आली नाही, हे तुमचं नशीब होतं, गुण नव्हता."

"पण इतके लोक बरे झाले म्हणून सांगत होते," ताई पुटपुटली.

"बरे झालेले सांगायला परत येतात हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न झालेले कसे येतील?"

त्यांच्या वॉर्डात त्या महिन्यात त्या टेकडीवर औषधं टाकून आलेले सहा जण होते. त्यांपैकी दोन गेले. टेकडीवरच्या गर्दीत त्या दोघांच्या घरचं कुणी नव्हतं.

कंपाउंडर पकडला गेला. पोलीस चौकीत त्याने सरळ सांगितलं की चौकीदार असताना एका थंडीत तो त्या तळघरात शेगडी घेऊन झोपला होता. शेळ्यांच्या राखणदाराने त्याला ओढून बाहेर काढलं. उठला तेव्हा दुखरा गुडघा दोन तास दुखला नाही. त्यावरून त्याला युक्ती सुचली. म्हणूनच तो एकाही 'ऑपरेशन'ला आत थांबत नसे. मास्तर त्याला भेटायला गेले तेव्हा तो त्यांच्यावरच उखडला. "माझ्या एकट्याच्या नावाने कशाला बोंबलता? गोष्ट तुमची होती की!"

मास्तर घरी आले आणि आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मी त्यांना जाऊन सांगितलं, चाकूने कुणी खून केला, म्हणून चाकू करणारा खुनी होत नाही. ते म्हणाले, "खरं आहे. पण मी खेळ संपेपर्यंत त्याला बसवून ठेवायला हवं होतं."

खारू वाचली. वाचली हा शब्द लिहिताना माझा हात थांबतो. ती चालते, खाते, हसते. पण तिचे शब्द हरवतात. पूर्वी जी एका दमात दहा प्रश्न विचारायची, ती आता वाक्याच्या मध्ये थांबते, डोळे मिटते, आणि हवा तो शब्द मिळाला नाही की रडते. शाळेचं वर्ष गेलं. विज्ञानाचं पुस्तक ती उशाशी ठेवते. वाचताना बोटाने ओळ धरते.

ताई आता गोळी चुकवत नाही. घड्याळाकडे बघत बसते. तिच्यावरचा माझा राग गेलाय असं मी म्हणणार नाही, पण तिच्याकडे बघून तो मनात फार वेळ धरवतही नाही. एकदा तिने मला विचारलं, "तिने सांगितलं होतं का गं तुला?"

"काय?"

"मला रोज म्हणायची, आई, गोळी दे. मी म्हणायचे, तुला काय कळतं."

मला दवाखान्याच्या अंगणातली ती मागे वळून पाहिलेली नजर आठवली. प्रश्न क्ष-किरणांचा नव्हताच.

तळघराला आता सरकारी कुलूप आहे. तरी लोक येतात. कुलपासमोर फुलं ठेवतात, आणि औषधंही. मास्तर दर रविवारी तिथे जाऊन दगडावर बसतात. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की डॉक्टर मी रचला, वर्ष बघा, क्ष-किरण नव्हते, कोळशाचा वायू होता. लोक नम्रपणे ऐकतात आणि म्हणतात, "तुम्हाला तसं वाटतं. त्यांनीच तुमच्या तोंडून वदवलं." मास्तर तरीही पुढच्या रविवारी जातात. ठेवलेली औषधं गोळा करून माझ्याकडे आणतात, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या दुकानात जाणार नाहीत.

मागच्या रविवारी खारू हट्टाने त्यांच्याबरोबर गेली. मीही गेले. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलाची छाती घरघरत होती. बाईने त्याचा पंप कुलपासमोर ठेवला आणि हात जोडले. मास्तरांनी सुरुवात केली, "बाई, हा डॉक्टर..." बाईने मान फिरवली.

खारू पुढे गेली. तिने पंप उचलला.

"त्याला... त्याला..." ती थांबली. डोळे मिटले. आम्ही कुणी मध्ये बोललो नाही. बाईसुद्धा थांबली. "विचारा," खारू म्हणाली. "त्याला विचारा. हवा का."

बाई गोंधळली. मुलगा मात्र गोंधळला नाही. त्याने हात पुढे केला, पंप घेतला, तोंडाला लावला आणि दाबला.

मला यापुढे एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दाखवणारा समोर आला की त्याला वर्ष विचारा, दार उघडं ठेवायला सांगा, आणि तो स्वतः आत का थांबत नाही ते विचारा. जे बरे झाले त्यांच्याबरोबर, जे परतले नाहीत त्यांचीही चौकशी करा. औषध बंद करायचं असेल तर ज्याने दिलं त्याच्याकडे जा. आणि हे काही जमलं नाही, तर निदान ज्याचं दुखणं आहे त्याचं ऐका. आमच्या घरात एका तेरा वर्षांच्या मुलीने रोज सांगितलं होतं, आणि तेव्हा तिला सगळे शब्द येत होते.